तरुलताबेनचा भोंगा

भावनगरच्या घोघा सर्कलजवळच्या शाळेत तरुलताबेन पाठक सव्वीस वर्षं सातवी-आठवीला विज्ञान शिकवत होत्या. त्यांच्या वर्गात टाचणी पडली तर ऐकू यायची, आणि ती कोणी पाडली तेही त्यांना न बघता कळायचं. व्याख्या पाठ, आकृत्या पेन्सिलीने, समास डावीकडे दोन बोटं. पालक आपली मुलं त्यांच्याच तुकडीत जावीत म्हणून खटपटी करत.

ऑगस्टातल्या एका गुरुवारी चौथीच्या बेन तापाने आडव्या झाल्या आणि त्यांचा तास तरुलताबेनच्या गळ्यात पडला. एवढ्या लहान मुलांची त्यांना सवय नव्हती. आत गेल्या तर दोघं बाकाखाली होती, एक बाकावर उभा होता आणि उरलेली सदतीस एकाच वेळी बोलत होती. त्यांनी खडू हातात घेतला आणि मनात जे होतं तेच तोंडातून निघून गेलं.

"काल आमच्या दुकानात एक भोंगा आला. जहाजाचा. जहाज तुटलं, भोंगा तेवढा उरला."

त्यांचे यजमान जनकभाई यांचं अलंगच्या रस्त्यावर दुकान होतं. समुद्राच्या भरतीबरोबर अलंगच्या किनाऱ्यावर जहाजं चढवतात आणि तोडतात. त्यांतली कपाटं, खुर्च्या, गाद्या, घड्याळं जनकभाई विकत. पाठकांच्या घरचं टेबलसुद्धा कुठल्याशा कप्तानाच्या खोलीतलं होतं, त्याच्या पायांना जमिनीत ठोकायच्या बोल्टांची भोकं अजून होती.

बाकावरचा मुलगा खाली बसला. बाकाखालचे दोघे वर आले.

"तो रडतो का?" पुढच्या बाकावरून खेवना नावाच्या मुलीने विचारलं. तिच्या एका वेणीची रिबीन सुटलेली होती.

"रडतो ना," तरुलताबेन म्हणाल्या, आणि स्वतःच चकित झाल्या. सव्वीस वर्षांत पुराव्याशिवाय त्या एक वाक्य बोलल्या नव्हत्या.

मग काय, भोंगा कुठल्या समुद्रात कोणाला हाका मारायचा, कोणत्या देवमाशाने त्याला उलट ओ दिली, दुकानात धूळ खात पडल्यावर शेजारची गादी त्याला काय म्हणाली, सगळं भराभर सुचत गेलं. कुठे अडलं की मुलं पुढचं सांगत. घंटा झाली तरी कोणी उठेना. पुढच्या तासाचे शिक्षक दारात येऊन उभे राहिले आणि पाच मिनिटं तेही ऐकत राहिले.

त्या दिवशी तरुलताबेन घरी चालत गेल्या. स्कूटी शाळेतच राहिली हे त्यांच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लक्षात आलं.

आठवडाभर कप्तानाच्या टेबलावर बसून त्यांनी गोष्ट लिहून काढली. लिहिताना बाई एकट्याच हसत. शेवटी मात्र सवय आडवी आली. नुसतीच गोष्ट कशी द्यायची, म्हणून चौथ्या पानावर त्यांनी ध्वनी म्हणजे काय ते समजावलं, जुन्या वस्तू फेकू नयेत हेही घातलं, आणि कागद अहमदाबादला 'लखोटी'कडे पाठवून दिले. 'लखोटी' म्हणजे आपली खेळायची गोटी. हर्षदराय नावाचे एक वृद्ध गृहस्थ या नावाचं मुलांचं मासिक चाळीस वर्षं चालवत होते.

त्यांचं पोस्टकार्ड आलं. 'पहिली तीन पानं वाचताना माझा चहा गार झाला. चौथ्या पानावर एक शिक्षिका गोष्टीत शिरल्या आहेत. त्यांना नमस्कार सांगून बाहेर न्यावं.'

"सव्वीस वर्षांत मला कोणी वर्गाबाहेर काढलेलं नाही," तरुलताबेन जनकभाईंना म्हणाल्या. दोन दिवस त्या घुश्श्यात होत्या. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत कागदांची नक्कल घेऊन त्या चौथीच्या वर्गात गेल्या. बघू तरी, म्हातारा खरं बोलतो का.

तीन पानं मुलं हलली नाहीत. भोंग्याला जहाजाची आठवण येते तिथे एकाने नाक ओढलं. मग त्यांनी पान उलटलं आणि वाचलं, "ध्वनी म्हणजे कंपन. कंपनं माध्यमातून..." कुठेतरी डब्याचं झाकण उघडलं. मग दुसरं. दोन ओळींत सगळ्या वर्गात थेपल्यांचा वास सुटला.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

खेवनाच शेवटी बोलली. "बेन, रागावू नका हं. भोंगा रडत होता आणि तुम्ही मध्येच धडा काढला."

"मग काय करायला हवं होतं?"

"रडू द्यायचं ना त्याला."

तरुलताबेनना हसू फुटलं. साधंसुधं नाही, पोटातून, डोळ्यांत पाणी आणणारं. बेन हसताहेत म्हणून मुलं हसली, मुलं हसताहेत म्हणून बेन आणखी हसल्या. शिपाई डोकावून गेला. त्यांनी लाल पेन काढलं आणि चौथ्या पानावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रेघ मारली. आजवर लाखभर वह्यांवर चाललेलं ते पेन पहिल्यांदा त्यांच्या स्वतःच्या अक्षरांवर चाललं, आणि हात कसा पिसासारखा हलका झाला.

गोष्ट दिवाळी अंकात आली. तोवर आणखी सात लिहून झाल्या होत्या. डाळ दोनदा करपली. एकदा त्या एका पायात निळी आणि एका पायात तपकिरी चप्पल घालून प्रार्थनेला उभ्या राहिल्या, आणि ते कळल्यावरही त्यांना काही वाटलं नाही.

जानेवारीत हर्षदरायांचा फोन आला. "बेन, मी शहात्तरचा झालो. डोळ्यांनी रजा मागितलीय. 'लखोटी' तुम्ही सांभाळा. पगार तुमच्या शाळेच्या निम्मा. महिन्यातून एकदा अहमदाबादला यायचं, बाकी काम घरून. आठ दिवसांत सांगा."

रात्रीच्या जेवणाला ही गोष्ट पानावर आली. जनकभाईंच्या आईला, म्हणजे बांना, घास खाली जाईना.

"सव्वीस वर्षं मी देवळात सांगते, माझी सून सायन्स टीचर आहे," बा म्हणाल्या. "आता काय सांगू? सून बेडकाच्या गोष्टी लिहिते?"

"बेडूक नाही बा, भोंगा."

"बेडूक तरी जिवंत असतो गं."

जनकभाई खिचडी कालवत होते. "मी भंगार खुर्ची म्हणून विकतो तेव्हा कोणी काही म्हणत नाही," ते म्हणाले. "तरु, तुला करावंसं वाटतंय का?"

"वाटतंय. पण भीतीही वाटतेय."

"कशाची?"

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत वह्या तपासताना ते त्यांना नीट उमगलं. पंधरा वर्षांपूर्वी मेहुल नावाच्या मुलाने विचारलं होतं, "बेन, माशांना ऐकू येतं का?" आणि त्या म्हणाल्या होत्या, "ते पोर्शनमध्ये नाही." मेहुलने पुढे कधी काही विचारलं नाही. त्याला विज्ञानात नव्वदच्या वर मार्क पडले. त्यांनी वाईट शिकवलं असं कोणी म्हणू शकलं नसतं. शेकडो मुलांच्या हातात त्यांनी पक्कं काहीतरी दिलं होतं, याचा त्यांना सार्थ अभिमान होता. पण उत्तर हातात ठेवायच्या घाईत कितीजणांचे प्रश्न मिटून गेले, हे मोजायला त्यांच्याजवळ वही नव्हती. आणि आता, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, चौथीच्या एका मुलीने रिबीन सोडून दाखवावी इतक्या सहज त्यांना दाखवून दिलं होतं की आधी मुलाला गोष्टीत बुडू द्यायचं असतं. भीती एवढीच होती की हे शिकायला आपल्याला उशीर तर झाला नाही.

मग त्यांना वाटलं, झाला तर झाला. उशिरा आलेल्या मुलाला आपण वर्गात घेतोच की.

त्या उठल्या आणि थेट मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेल्या. विनोदिनीबेननी राजीनामा दोनदा वाचला.

"अहो, गोष्टी सुट्टीत लिहितात."

"लिहून बघितलं. सुट्टी पुरत नाही."

"आठवीला ध्वनी कोण शिकवणार?"

"शिकवून जाते ना," तरुलताबेन म्हणाल्या. "फक्त शेवटचा तास मैदानावर घेऊ द्या. आणि थोडा आवाज होईल."

विनोदिनीबेनना वाटलं, मुलं टाळ्या-बिळ्या वाजवतील. त्यांनी मान हलवली.

एप्रिलातल्या शेवटच्या शनिवारी जनकभाई टेम्पोतून भोंगा घेऊन आले. पितळेचं हे एवढं तोंड, गाडीच्या चाकाएवढं. बरोबर पंक्चरवाल्या रज्जाकभाईंचा हवा भरायचा पंप. आठवीचा वर्ग कोंडाळं करून उभा राहिला. चौथीची मुलं कोणी न बोलावता आली, त्यात खेवना सगळ्यांच्या पुढे.

"काय होईल?" तरुलताबेननी विचारलं, आणि गप्प राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या उत्तरासाठी थांबल्या. फुटेल, म्हणाला एक. वाजणारच नाही, म्हणाली दुसरी. मोठ्याने वाजला तर तख्तेश्वरच्या टेकडीवर आपल्याबरोबरच ऐकू येईल की नंतर, यावर दोघांचं भांडण जुंपलं. बेननी त्यांना भांडू दिलं.

रज्जाकभाईंनी नळी लावली, झडप उघडली. भोंग्यातून फुस्स करून धुळीचा लोट निघाला आणि एक मेलेली पाल पडली. मुलं हसून हसून लोळली.

"बेन, तुमचा भोंगा पंक्चर आहे," रज्जाकभाई म्हणाले.

"हवा कमी पडतेय. पंप अजून चालू द्या."

पंपावरचा दाबाचा काटा वर वर चढला. दुसऱ्यांदा झडप उघडली आणि भोंगा वाजला.

तो कानांना ऐकूच आला नाही आधी, तो पायांना ऐकू आला. मैदान थरथरलं. वर्गांच्या काचा खणखणल्या. रस्त्यापलीकडच्या झाडांतून शे-दीडशे लांब चोचीचे कंकर पक्षी एकदम उठले. पाव-गाठियावाल्याची कढई सोडून माणसं फाटकाशी धावली. चौथीच्या मुलांनी पोटावर हात दाबून धरले होते, कारण आवाज तिथे आत वाजत होता, आणि सगळ्यांची तोंडं उघडी होती. तरुलताबेनचा अंबाडा सुटला. त्या मैदानाच्या मधोमध उभ्या राहून लहान मुलीसारख्या हात पसरून गोल गोल फिरत होत्या, आणि जनकभाई टेम्पोला टेकून तोंड झाकून हसत होते.

आवाज थांबला. मग आठवीतला एक मुलगा पोटावरचा हात न काढता म्हणाला, "बेन, म्हणजे हे कंपन?"

"तूच सांग," त्या म्हणाल्या.

विनोदिनीबेन वऱ्हांड्यातून आल्या तेव्हा त्यांच्या हातातला फोन सारखा वाजत होता. "अर्धी काळानाला पेठ विचारतेय, बंदरात जहाज लागलं का म्हणून," त्या कडक आवाजात म्हणाल्या. मग भोंग्याकडे बघून, जरा खालच्या आवाजात, "पुन्हा एकदा वाजेल का?"

जूनमध्ये तरुलताबेननी जुळवलेला पहिला अंक निघाला. आता रोज दुपारी पोस्टमन गठ्ठा टाकून जातो आणि त्या जमिनीवर फतकल मारून पत्रं फोडतात. बा सुरुवातीला लांबून बघत होत्या. मग त्यांनी पाकिटं कापायचं काम घेतलं, आणि एका गुरुवारी सहज म्हणाल्या, "आमच्या गावात एक उंट होता, तो सांगू का?" उंट छापून आला. देवळात अंक वाटून झाले.

काल महुव्याच्या एका मुलाचं पत्र आलं. 'पान नऊवरचा उंट मला आवडला नाही. तो फार शहाणा आहे.'

तरुलताबेननी ते मोठ्याने वाचलं. बांचा चेहरा पडला.

"खरंय मुलाचं," बा हातातलं पाकीट खाली ठेवून म्हणाल्या. "खरा उंट महा बिलंदर होता. तुझ्या मासिकात शोभणार नाही म्हणून मी सोवळं सांगितलं."

"मग खरा सांगा," तरुलताबेन म्हणाल्या आणि त्यांनी वही पुढे ओढली.