तुळशीपाशी पुरलेलं माझं टोक

मित्रांनो, मी एक जुनी एरियल आहे. हसू नका! छपरावर ताठ मानेनं उभी राहणारी ती मी नव्हे. फणसाच्या लाकडाच्या हातभर लांब दोन पट्ट्या, त्यांची फुली आणि तिच्याभोवती गुंडाळलेली तांब्याची तार, एवढाच माझा देह. खुंटीवर टांगलेल्या मला पाहुणे चाळण समजत. पण मूर्ती लहान असली तरी सात समुद्रांपलीकडचा आवाज मी ओढून आणला आहे, आणि तोही एका रुसलेल्या माणसासाठी.

माझा जन्म १९५९ सालचा, मालवणच्या किनाऱ्यावरच्या एका वाडीतला. वाडीत देवस्थानच्या जागेवर दहा घरं होती आणि त्यांच्यामधून देवाची वाट जात होती. दसऱ्याला देवाचे तरंग, म्हणजे लुगडी नेसवलेल्या उंच काठ्या, याच वाटेनं वाजतगाजत निघत. म्हणून त्या वाटेवरून दोरी न्यायची नाही की छपरावर काठी उभारायची नाही, असा नियमच होता. देवाच्या डोक्यावरून काही जाता कामा नये!

त्यातल्या एका घरात गंगाराम तांडेल आणि त्यांची सून यशोदा राहत. गंगारामांचा मुलगा गुरुदास घरची होडी सोडून परदेशी बोटीवर कोळसा ओढायला गेला होता. "घरची होडी सोडून दुसऱ्याच्या बोटीत कोळसो घालतलो!" म्हणून म्हाताऱ्यानं जे तोंड मिटलं ते मिटलंच. तीन वर्षांत गुरुदासाच्या एकाही पत्राला त्यांनी उत्तर दिलं नाही. यशोदा पत्र वाचून दाखवायची, तेव्हा ते जाळं विणत भिंतीकडे बघत बसायचे. ऐकत मात्र असायचे, हे मी पुढे स्वतः पाहिलं.

एकदा गावचा एक खलाशी सुट्टीवर आला आणि गुरुदासानं पाठवलेला, बॅटरीवर चालणारा रेडिओ देऊन गेला. दूरचं स्टेशन लागायचं तर एरियल हवी. पण कुठली? यशोदेनं बाजारातून बाबलीला बोलावलं. बाबली म्हणजे घड्याळापासून गॅसबत्तीपर्यंत सगळ्याचा वैद्य. तो म्हणाला, या माडावरून त्या माडावर लांब तार ओढू. पण मधून देवाची वाट. छपरावर बांबू लावू? त्यालाही बंदी. तांब्याच्या जाळीची पट्टी खोलीत बांधली, तर चुलीच्या धुरानं ती आठवड्यात काळी आणि निकामी. शेवटी त्यानं डोकं खाजवलं आणि मला बनवलं. माझं एक टोक रेडिओला जोडलं. रेडिओची दुसरी, अर्थिंगची तार त्यानं अंगणात नेऊन तुळशीवृंदावनाच्या बुडाशी मातीत पुरली. तीही माझंच दुसरं टोक, असं मी मानते. तुळशीपाशीच का, हे बाबलीनं सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही.

मग काय विचारता! संध्याकाळी माझ्यातून दूरदेशीची गाणी येऊ लागली. सगळी वाडी ओटीवर जमायची आणि मी मनातून फुगून जायची.

वैशाखात गुरुदासाचं पत्र आलं. एका परक्या बंदरातलं स्टेशन भारतीय खलाशांचे निरोप त्यांच्याच आवाजात ऐकवणार होतं. गुरुदासाचा निरोप येत्या गुरुवारी संध्याकाळी सात वाजता, एकदाच. यशोदेच्या डोळ्यांना धार लागली. म्हातारे भिंतीकडेच बघत होते, पण जाळ्याचा धागा चुकला.

आणि नेमकं त्याच सुमाराला भावकीत कोणी वारलं, घराला सुतक आलं. चार-पाच दिवसांत माझा आवाज खोल गेला. बुधवारी तर नुसती खरखर! सगळे माझ्याकडे बघू लागले. "ह्या चाळणीत दम नाय," असंही कोणी म्हणालं. फार लागलं मला. बाबली लग्नाला देवगडला गेलेला. गुरुवारी दुपारी यशोदेनं पदर खोचला आणि छपरावर चढवायला बांबू आणला. तेवढ्यात देवस्थानचे मानकरी परशुराम धावत आले.

"गो यशोदा, बांबू खाली घाल!"

"तरंग दसऱ्याक भायर पडतले. माझे घरधनी आज रेडिओर बोलतले!"

"आज तुका सोडलंय, तर उद्या कोणाक अडवू?"

आतून गंगारामांचा आवाज आला, "यशोदा, बांबू घाल खाली. देवाची वाट ती."

ती मटकन अंगणात बसली आणि रडू लागली. समोर तुळस होती, माना टाकलेली. सुतकात घरच्यांनी तिला हात लावायचा नसतो, सहा दिवस पाणी नव्हतं. यशोदा रडता रडता थांबली. तुळस सुकत गेली, तसतसा रेडिओही खोल गेला होता की!

"तार हयच पुरलेली आसा," ती म्हणाली. "माती सुकली, म्हणान आवाज गेलो. पण पाणी कोण घालतलो? आमका सुतक."

परशुराम विहिरीवर गेले. एक, दोन, तीन कळशा त्यांनी तुळशीच्या बुडात ओतल्या.

"वाटेर काठी नको म्हटलंय," ते धापा टाकत म्हणाले. "पाण्याक कोण नाय म्हणता?"

सात वाजले. ओलावा तारेला भिडला होता. मी सगळा जीव एकवटला आणि खरखरीतून तो आवाज वर आला.

"बाबानू, मी गुरुदास. वारो खंयचो, ता तुमी शिकवल्यासारखा अजून गालार वळाखतंय. तुमी कशे आसात?"

गंगाराम उठून रेडिओपाशी आले. तोंड अगदी जवळ नेऊन म्हणाले, "बरो आसंय. तू जेवलंस रे?"

मित्रांनो, मला फक्त ऐकता येतं, पाठवता येत नाही. त्याचं दुःख मला तेव्हा पहिल्यांदा झालं. रेडिओत दुसरा खलाशी बोलू लागला, तरी म्हातारे उत्तराची वाट बघत उभे होते.

आता मी माळ्यावर आहे. खाऱ्या वाऱ्यानं तार हिरवी पडली आहे; कोणी आमसूल लावून घासली तर अजून चमकेन. तुमच्या घरातलं काही मुकं झालं, तर त्याला लगेच टाकून देऊ नका. आधी त्याच्या बुडाशी ओल आहे का, ते बघा.

त्या संध्याकाळी गंगारामांनी ती ओल बघितली. ते जाळं बाजूला सारून ओटीवर बसले आणि म्हणाले, "यशोदा, कागद हाड. मी सांगतंय, तू लिही."