कुर्न्याची रडकी राणी

नाईलकाठच्या आमच्या कुर्ना गावातल्या जुन्या थडग्यापाशी अख्खा गाव लोटला होता. बाहेर दगडावर भाकरी भाजावी असं ऊन, आणि दारातल्या सावलीत प्राचीन राणीची काळी मूर्ती पाण्याने निथळत होती!

"चार हजार वर्षं रडतेय बिचारी!" शेख हमदानने गळा काढला. "हे अश्रू डोळ्यांना लावा. आंधळ्यालाही नाईलपलीकडची खजुरी दिसेल!" त्याचा स्वतःचा डावा डोळा मात्र कायम मिचमिचा. राणी घरच्यांवर रुसली असावी.

इजिप्तवर पुस्तक लिहायला आलेल्या हॉल्कम साहेबाने लांबूनच मूर्तीची उंची ठरवली, वय ठरवलं आणि सगळं वहीत उतरवलं. मी त्याचा दुभाषा. शेखची प्रत्येक थाप मीच इंग्रजीत नटवून सांगितली. लाज वाटते, पण खरं आहे.

माझी सहा वर्षांची भाची बहिया. आठवडाभर तिचे डोळे पुवाने चिकटलेले, आणि बहीण तिला रोज शेखकडेच आणायची. शेख मूर्तीला कुणाला हात लावू देत नसे. एकाच फडक्याने पाणी टिपून तेच शंभर जणांच्या डोळ्यांवरून फिरवायचा.

"फहीमा, पोरीला लक्सरच्या डॉक्टरकडे ने," मी बहिणीला म्हणालो.

"दादा, तुझ्या साहेबानं लिहून घेतलंय ना? मग खोटं कसं असेल?"

मी पुन्हा साहेबाकडे वळलो आणि शेखची पुढची थाप इंग्रजीत सांगू लागलो.

काही दिवसांनी किना गावची कुंभारीण उम्म जाबिर मडकी विकायला आली होती. ती गर्दीत घुसली आणि तिने सरळ मूर्तीला टिचकी मारली.

"हात लावू नकोस, शाप लागेल!" शेख किंचाळला.

"गप रे मेल्या! चाळीस वर्षं मडकी भाजतेय मी. दगड असा वाजतो होय?"

तिने राणीचा मुकुट उचलला. तो झाकणासारखा निघाला. आत गळ्यापर्यंत पाणी!

"राख मिसळलेली माती, वरून धुराने काळी केलेली. पाणी झिरपणारच की! तुमच्या दारातला माठही असाच पाझरतो. त्याला कधी नवस बोललात?"

लोक आधी ओशाळले, मग शेखच्या मागे धावले.

"पण माझं लिखाण लंडनला गेलंय!" साहेब कळवळला.

"मग खुलासा पाठवा, साहेब," मी म्हणालो.

"छे! वाचकांचा विरस होईल." पुस्तक छापून आलं, राणीच्या चित्रासकट.

मडकं फुटलं त्याच संध्याकाळी आम्ही बहियाला लक्सरला नेलं होतं. डॉक्टरने तिचा उजवा डोळा वाचवला. डावा गेला. फहीमा मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

म्हणून सांगतो, शेख म्हणाला किंवा साहेबाने लिहिलं म्हणून काही खरं होत नाही. विचारा, तपासा, मगच माना. आणि लेकरू आजारी असेल, तर चमत्कार तपासत बसू नका. आधी त्याला डॉक्टरकडे न्या.