जोगय्याची तुळतुळीत सेना

मद्रासच्या कोडंबाक्कममध्ये त्या काळी देव सकाळी सातला कामावर येत. कुणी रिक्षाने, कुणी सायकलवर. ब्रह्मदेव कॅन्टीनच्या रांगेत इडलीची वाट बघत उभे असायचे, जास्तीची तीन तोंडं बगलेत धरून. यम आणि सत्यवान एका वड्यावरून भांडताना मी स्वतः पाहिलेत, आणि त्यात यम हरला. मद्रासमध्ये बसून आम्ही तेलुगू मंडळी तेलुगू चित्रपट काढायचो. त्यातले निम्म्याहून जास्त पुराणातले, त्यामुळे मला कामाची ददात नव्हती. मी रंगय्या, टोपवाला. देवांच्या बटा, ऋषींच्या जटा, राक्षसांच्या झिपऱ्या, सगळं माझ्या पेट्यांत. जो देव माझ्याशी वाकडं घेई त्याच्या टोपात मी चार मुंग्या सोडत असे. एका चित्रपटात विश्वरूप दाखवताना कृष्ण एवढा थरथरला कसा, यावर विद्वानांनी वर्तमानपत्रात रकाने भरले. मी वाचले आणि जपून ठेवले.

ताडेपल्ली जोगय्या आमच्याच पालकोल्लूचा, आणि माझ्याच खोलीत माझ्याच चटईवर झोपणारा. मद्रासला आला तो दिग्दर्शक व्हायला. पहिलं काम मिळालं पुष्पवृष्टीचं. स्टुडिओच्या छपराखाली फळीवर पालथं पडून राहायचं आणि खाली देव प्रकटले की पाकळ्या सोडायच्या. पण याचं लक्ष पाकळ्यांत कुठलं? वरून तो सगळं दृश्य बघायचा आणि कॅमेरा चुकीच्या जागी आहे म्हणून पुटपुटायचा. एकदा एक दशरथ पुत्रशोकाने मरायला इतका वेळ लावू लागला, की जोगय्याने वैतागून पाकळ्यांबरोबर टोपलीही सोडली. दशरथ जागच्या जागी आडवा झाला. शॉट असा काही उतरला की मोठे दिग्दर्शक भीमशंकरम यांनी तो तसाच ठेवला, आणि टोपली कुणी टाकली ते विचारून जोगय्याला खाली उतरवून आपला सहायक केला.

मग बरीच वर्षं तो सहायकच राहिला. क्लॅप दिला, छत्री धरली, नायिकांना कुठे रडायचं ते सांगितलं. पालकोल्लूला गेला की सासू विचारायची, "जावईबापू, चित्रपटात तुमचं नाव तर कुठे येत नाही. मग तुम्ही तिथे नक्की करता काय?" पडद्यावर एकदा, एकट्याचं, मोठ्या अक्षरांत नाव यावं, एवढंच त्याला हवं होतं. झोपेतसुद्धा तो बोटाने हवेत स्वतःचं नाव लिहायचा. ते बोट माझ्या नाकात जायचं, म्हणून मला ठाऊक.

शेवटी गुंटूरचे मिरचीचे व्यापारी मुत्यालय्या गारू, गारू म्हणजे राव, यांनी त्याला चित्रपट दिला. गोष्ट नरकासुराच्या वधाची, आणि चित्रपट दिवाळीला लावायचा. सगळं चित्रण सुरळीत झालं, फक्त शेवटचं युद्ध राहिलं. कृष्ण होता चंद्रमौळी. त्या शुक्रवारी संध्याकाळी तो दुसऱ्या कंपनीकडे जाणार, आणि एकदा गेला की दिवाळी उलटून जाईपर्यंत त्याचा मुकुट आमच्या हाती लागणार नाही. मुत्यालय्यांनी सरळ सांगितलं होतं की सूर्य मावळायच्या आत युद्ध झालं नाही, तर चित्रपट भीमशंकरम त्यांच्या पद्धतीने पुरा करतील आणि दिग्दर्शक म्हणून नावही त्यांचंच लागेल. नुसतं सांगून थांबले नाहीत. शुक्रवारी सकाळी ते भीमशंकरमना गाडीतून घेऊनच आले आणि मैदानाच्या कडेला, कडुलिंबाखाली, वेताच्या खुर्चीत बसवून ठेवलं. भीमशंकरम तपकीर ओढत बसले. ज्याच्या सरणाची लाकडं आधीच आणून रचलीत अशा माणसासारखा जोगय्या त्या खुर्चीकडे बघायचा.

आणि नेमके त्या दिवशी राक्षस आले नाहीत. त्या राक्षसांना पलीकडच्या स्टुडिओत लग्नाच्या दृश्यासाठी बोलावलं होतं. त्यांची काय चूक म्हणा. लग्नाच्या दृश्यात खरं जेवण असतं, पायसम असतं, आणि युद्धात नुसतं ऊन. एका बाजूला कृष्ण, सत्यभामा, रथ, चार घोडे. दुसऱ्या बाजूला रिकामं मैदान आणि एक कुत्रं. मुत्यालय्यांनी घड्याळाला किल्ली दिली, ती जरा जास्तच वेळ दिली.

आता आमच्याकडची एक रीत. तिरुपतीला जाऊन केस दिले, दर्शन झालं, की गावाकडची माणसं बस तशीच मद्रासला वळवत. डोंगरावरचा देव बोलत नाही, कोडंबाक्कमचा बोलतो, हसतो, वर हात करून आशीर्वाद देतो. चंद्रमौळी रोज सकाळी मुकुट घालून फाटकाशी उभा राहायचा आणि बायाबापड्या त्याला लाडूचा प्रसाद द्यायच्या. त्या शुक्रवारी तर बसची रांग लागली होती. तणुकूकडची अख्खी गावं उतरली होती. बाप्ये, बाया, सगळे तुळतुळीत, डोक्याला चंदनाचा लेप.

जोगय्याने फाटकाकडे बघितलं, रिकाम्या मैदानाकडे बघितलं, मग माझा दंड धरला.

"रंगय्या, राक्षसांना केस असतात असं कुठल्या पोथीत लिहिलंय?"

मी म्हटलं, पोथीत नसेल, पण माझं पोट त्याच्यावर चालतं. त्याने ऐकलंच नाही. तो फाटकात एका ओट्यावर चढला आणि म्हणाला की ज्याला कृष्णाच्या चित्रपटात यायचंय त्याने आत यावं. पुढे फाटक राहिलं नाही.

पुढचा तासभर मी केस न लावता मिशा काढत होतो. काजळाच्या सहा डब्या संपल्या, मग कॅन्टीनच्या तव्याची काजळी खरवडली. मंगम्मा नावाची एक ठसठशीत म्हातारी त्या सगळ्यांची पुढारी होती. तिला मी अशा आकडेबाज मिशा काढल्या की तिने आरशात बघून पदर डोक्यावर ओढला. "अगं बाई, हे तर आमचे मालक," ती म्हणाली. "आता मी कुणाच्या बापाला भीत नाही." कॅमेरामन मात्र कपाळाला हात लावून बसला. एवढ्या डोक्यांवरून ऊन असं परतत होतं की आज सूर्य दोन बाजूंनी उगवलाय, असं तो म्हणाला. मीनंबाक्कमला उतरणारं एक विमान आमच्यावर तीन घिरट्या घालून गेलं ते उगीच नाही.

जोगय्याने ओट्यावरून समजावलं. तुम्ही नरकासुराचे सैनिक. समोरून कृष्णाचा रथ येईल. आला की आरोळी ठोकायची आणि भाले घेऊन धावून जायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. कॅमेरा सुरू झाला, रथ आला, चंद्रमौळीने शंख तोंडाला लावला. आरोळी उठली, पण ती "गोविंदा, गोविंदा" अशी. सगळ्या सेनेने भाले टाकले आणि मातीत लोटांगण घातलं. चंद्रमौळीला हे इतकं आवडलं की त्याने रथ थांबवून सगळ्यांना आशीर्वाद दिला.

दुसऱ्यांदाही तेच झालं. तिसऱ्यांदा जोगय्या मंगम्मापुढे जवळजवळ गुडघ्यावर बसला. अम्मा, हे खोटं असतं, तो चंद्रमौळी आहे, त्याला दोन मुलं आहेत, त्याचं पोट बिघडतं, असं काय काय सांगून बघितलं.

मंगम्मा मिशीवरून बोट फिरवत म्हणाली, "नायना, बाळा, काल डोंगरावर ज्याला केस दिले, खाली उतरून त्याच्याच अंगावर भाला उगारू? तुमच्या घरी चालत असेल."

ऊन कलायला लागलं होतं. चंद्रमौळी रथातून म्हणाला, भक्तांना पायावरून उठवायचं पाप मी घेणार नाही. मुत्यालय्या कडुलिंबाखाली जाऊन भीमशंकरमच्या कानाशी काहीतरी बोलले. जोगय्याने ते बघितलं आणि तो तिथेच बसला. हातातला भोंगा त्याने खाली ठेवला.

एवढ्यात आमचा नरकासुर रंगपटाच्या खोलीतून बाहेर आला. कोटिलिंगम त्याचं नाव. सहा फूट उंच, आवाज ढोलासारखा, आणि स्वभाव असा की अंगावरच्या डासालाही "जा बाबा" म्हणायचा. त्या गरिबाला बाहेर काय चाललंय याचा पत्ता नव्हता. जेवण झालं होतं, शिंगं नीट बसली होती. त्याने घसा मोकळा करायला सवयीप्रमाणे आपलं ते गडगडाटी हसू हसून घेतलं.

लोटांगण घातलेली सगळी डोकी एकदम वळली.

मंगम्मा पहिली उठली. "हाच तो," एवढंच ती म्हणाली. मग जमिनीवर पडलेले भाले पटापट उचलले गेले, आणि नरकासुराची सगळी सेना नरकासुराच्या अंगावर धावून गेली. बांबूचे आणि कागदाचे का असेनात, भाले लागतात. कोटिलिंगम पळाला. त्याने मैदानाला वळसा घातला, लंकेचा जुना दरवाजा ओलांडला, एक शिंग वाटेत टाकलं. त्याची गदा मागून येणाऱ्या एका आजोबांनी उचलली आणि त्यालाच फेकून मारली.

जोगय्या उठून उभा राहिला होता. तो ओरडला नाही. कॅमेरामनच्या पाठीवर हात ठेवून हळू म्हणाला, "फिरवत राहा. तो जिकडे जाईल तिकडे."

कोटिलिंगम जाणार कुठे? तो रथाकडे धावला, वर चढला आणि सत्यभामेच्या मागे जाऊन लपला. पदराचं टोक धरून थरथरत उभा राहिला. आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं की सत्यभामा म्हणजे भूदेवी, आणि नरकासुर त्या भूदेवीचाच मुलगा. ती त्याला मारायला आली आहे, आणि तो आपला मुलगा आहे हे तिला माहीत नाही. त्या नटीला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिने धनुष्य धरलेला हात खाली घेतला, दुसरा हात मागे नेऊन त्या एका शिंगाच्या डोक्यावर ठेवला, आणि समोरच्या सगळ्या सेनेकडे डोळे वटारून बघितलं. सेना जागच्या जागी थांबली. मंगम्माने भाला खाली टेकवला. बाई होती ती, मिशा असल्या म्हणून काय झालं.

नुसता कॅमेरा फिरत होता.

जोगय्याने थांबायला सांगितलं तेव्हा मुत्यालय्या तावातावाने आले. हे भागवतात कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. नरकासुराची सेना त्याच्यावर उलटते, तो आईच्या मागे लपतो, असं कुठे लिहिलंय ते दाखवा. आणि हा कोटिलिंगम रडतोय का?

कोटिलिंगम खरंच रडत होता. त्याला बरंच लागलं होतं.

भीमशंकरम खुर्चीतून उठून केव्हा आले ते कुणाला कळलं नाही. त्यांनी तपकिरीची डबी मिटली. "मुत्यालय्या गारू," ते म्हणाले, "मी तीन वेळा हा नरकासुर केला. तीनही वेळा तो कृष्णाशी लढून मेला आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही. आज मला वाटलं. मला घरी सोडायला गाडी सांगा."

बाणाचा शॉट राहिला होता, तेवढा मावळतीच्या आत झाला. सत्यभामा बाण सोडते आणि सोडल्यावर तिला कळतं. मंगम्मा कंपनीने त्या वेळी न सांगताच डोळे पुसले, आणि सगळ्या मिशा गालांवर आल्या. त्याही मी ठेवायला लावल्या.

दिवाळीला चित्रपट लागला. तणुकूच्या थिएटरात बैलगाड्यांनी रस्ता बंद केला. पडद्यावरच्या सेनेतलं कुठलं डोकं कुणाचं हे काही ओळखू येईना, त्यामुळे जो तो "तो बघ मी" म्हणू लागला. जे यात्रेला गेलेच नव्हते तेसुद्धा म्हणू लागले आणि खात्री पटावी म्हणून रातोरात डोकी करून आले. तिथल्या न्हाव्याने त्या हंगामात माडीचं घर बांधलं. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा, माडी अजून उभी आहे, जिना तेवढा पडलाय.

पहिल्याच खेळाला जोगय्याने सासूला पालकोल्लूहून आणून मधल्या रांगेत बसवलं होतं. मी त्याच्या शेजारी. नावं सुरू झाली. कृष्णाचं चित्र आलं आणि त्याच क्षणी पुढच्या सगळ्या रांगा ओवाळायला उठून उभ्या राहिल्या. मंगम्मा सगळ्यांत पुढे, हातात कापराचं ताट. त्या उभ्या डोक्यांच्या मागे जोगय्याचं नाव आलं आणि गेलं. सासूने विचारलं, "आलं का हो?" आम्ही दोघांनी मिळून ज्यासाठी एक चटई झिजवली होती, ते एका ओवाळणीत संपलं होतं.

मंगम्मा ताट घेऊन परत येताना त्याच्याजवळ थांबली. तिने त्याला ओळखलं. "नायना, तोंड का असं उतरलंय?"

मी सांगून टाकलं की याचं नाव गेलं, आणि तुमच्यामुळे गेलं.

मंगम्मा मागे वळली आणि वरच्या झरोक्याकडे बघून तिने यंत्रवाल्याला अशी हाक घातली की चित्र आपोआप थांबलं. आमच्या माणसाचं नाव परत दाखव, ती म्हणाली. यंत्रवाला म्हणाला, असं करता येत नाही. मग सगळं थिएटर त्याला समजावू लागलं, आणि तणुकूची माणसं समजावू लागली की करता येतं.

दिवे लागले, रीळ उलटं फिरलं, दिवे गेले. या खेपेला सगळे खाली बसले होते. पडद्यावर मोठ्या अक्षरांत, एकट्याचं नाव आलं: दिग्दर्शक, ताडेपल्ली जोगय्या. पुष्कळांना वाचता येत नव्हतं, म्हणून एका मास्तरांनी ते मोठ्याने वाचलं, आणि बाकीच्यांनी त्यांच्यामागून म्हटलं. आरतीसारखं. सासूने जावयाकडे बघितलं. तिला काय म्हणायचं होतं ते तिने पुढे आयुष्यभर साऱ्या पालकोल्लूला सांगितलं.

पुढे जोगय्याने पुष्कळ चित्रपट केले. काही चालले, काही आपटले, एकात त्याने इंद्राला सायकलवर बसवलं म्हणून पंडितांनी मोर्चा काढला. मद्रासला, विजयवाड्याला, हैदराबादला त्याचं नाव एकदाच यायचं, जसं सगळ्यांचं येतं. तणुकूला मात्र ते दोनदा यायचं. मध्ये यंत्रवाला बदलला, त्या नव्याने पहिल्या खेळाला एकदाच दाखवलं, तर खेळ संपला तरी नाव दुसऱ्यांदा येईपर्यंत लोक जागेवरून हललेच नाहीत.