दिवेवालीचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे. रंग दाखवणारा नव्हे. काळा, पांढरा आणि दोहोंच्या मधला राखाडी, एवढंच मला येतं. माझं अंग लाकडी, पाय चार, आणि तोंडावर सरकती शटरं. ती लावली की मी कपाटासारखा दिसतो. गेली कित्येक वर्षं ती लावलेलीच होती, म्हणून घरी येणाऱ्या मुलांना मी कपाटच वाटायचो. एकीने तर माझ्यात चपला ठेवू पाहिल्या. मी रागावलो नाही. तिचं काय चुकलं?

जन्माचं मला फारसं आठवत नाही. तापलेल्या शिशाचा वास, पंख्याची घरघर, आणि माझ्या पाठीत तारा जोडणारी कुणाची तरी चपळ बोटं, एवढंच. आठवतो तो सुपेल्याच्या बाजारातला दिवस. चंपतरावांना तेव्हा नुकतंच भिलाईच्या सेक्टर दोनमध्ये क्वार्टर मिळालं होतं. पोलाद प्लँटच्या मिलमध्ये ते कामाला होते. मला न्यायला ते स्कूटरवर आले, मागे भीमाबाई. दुकानदाराने माझे चारही पाय काढून पिशवीत घातले आणि भीमाबाईंनी मला शालीत गुंडाळून मांडीवर घेतलं.

“धरशील ना नीट?” चंपतरावांनी तीनदा विचारलं.

“तुमी समोर पाहा, बाप्पा,” त्या म्हणाल्या. “त्याची काळजी मले हाये.”

म्हणजे त्या मांडीवर पहिला बसलो तो मी. संघमित्रा नंतर दोन वर्षांनी आली.

काय दिवस होते ते! छपरावर अँटेना, अँटेनावर कावळा. कावळा उडाला की माझं चित्र हले आणि चंपतराव शिडीवरून ओरडत, “दिसलं का?” खालून अख्खी रांग ओरडे, “नाही!” रविवारी संध्याकाळी आमच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसे. माझ्या डोक्यावर विणलेला रुमाल होता आणि त्यावर बुद्धाची लहानशी मूर्ती. भीमाबाई रोज सकाळी आधी मूर्ती पुसत, मग त्याच फडक्याने माझी काच.

आता मुख्य गोष्ट सांगतो. त्या काळी रविवारी सकाळी माझ्यावर मुलांची एक मालिका लागायची, ‘धुआँपूर’. दोन भावंडं चुकीच्या स्टेशनावर उतरतात आणि धुराच्या गावात अडकतात, अशी ती गोष्ट. त्या गावच्या लोकांना लाकडी चेहरे होते. संध्याकाळ झाली की एक उंचच उंच बाई हातात दिवा घेऊन दारोदार फिरे. तोंडाला पांढरी पावडर, डोळ्याची पापणी म्हणून लवत नसे. ती दिवेवाली. ती कॅमेऱ्याकडे वळली की खोलीतली मुलं एकमेकांच्या पाठीत तोंड खुपसत. एकदा पलीकडच्या बाबारावांच्या हर्षलने भीतीने जी चड्डी ओली केली, त्यावरून त्याला पुढे कॉलेजात जाईपर्यंत ऐकावं लागलं.

पण आमच्याकडे ‘धुआँपूर’ पाहण्याची एक वेगळीच रीत होती. आवाज बंद करून.

तुम्हाला नवल वाटेल. पण ज्यांच्या घरी शिफ्टची नोकरी आहे त्यांना विचारा. एका आठवड्याला चंपतरावांची नाइट असे, एका आठवड्याला बाबारावांची. क्वार्टरची भिंत एका विटेची. रात्रभर तापल्या लोखंडापुढे उभा राहिलेला माणूस बहुतेक आठवडे या नाही तर त्या खोलीत झोपलेला असायचाच. म्हणून सकाळी माझं बटण फिरवून आवाज शून्यावर न्यायचा, हा भीमाबाईंचा कायदा. मी नुसता ओठ हलवत राही. आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसून, संघमित्राला कुशीत घेऊन, भीमाबाई कुजबुजत गोष्ट सांगत. हिंदी त्यांना कामापुरतीच येई, आणि ओठ वाचायला त्या काही शिकल्या नव्हत्या. त्या सरळ आपल्या मनचं सांगत.

“हे बाई कोण हाये, आई?” संघमित्रा विचारी.

“हे ना? नाइट शिफ्टले जाऊन राहिली. सगळ्या गावचे दिवे तिले एकटीलेच लावा लागते.”

“मग दार कावून वाजवते?”

“पाहाले, का कोणी जागं हाये का. एकटीले करमत नाही ना, माय, रातच्याले.”

मित्रांनो, मी नुसता टीव्ही. पण रात्रीही मी त्याच खोलीत असे. चंपतराव ड्यूटीवर गेल्यावर भीमाबाई लेकराला थोपटत दाराकडे बघत बसत, ते मी पाहिलेलं होतं. दिवेवालीच्या तोंडी त्या कुणाचं बोलणं घालत होत्या, ते मला कळत होतं. घरात दुसऱ्या कुणाला कळत नव्हतं, असं मी समजत होतो.

तिसऱ्या आठवड्यात, जेव्हा दोघांचीही नाइट नसे, तेव्हा एकदा भीमाबाईंनी हौसेने माझा आवाज वाढवला. दिवेवाली कर्कश हसली आणि हिंदीत किंचाळली. सहा वर्षांची संघमित्रा रडायलाच लागली. “हे नाही! हे दुसरी हाये! तू म्हन!” भीमाबाईंनी बटण पुन्हा शून्यावर नेलं. एखाद्या टीव्हीला वाईट वाटावं असाच तो प्रसंग, पण मला वाटलं नाही. मलाही तो दुसराच आवाज आवडायचा.

पुढे रंगीत टीव्ही आला. मला आतल्या खोलीत नेलं, शटरं लावली, वर इस्त्रीचे कपडे ठेवले. संघमित्रा शिकली, तिचं लग्न रेल्वेतल्या अतुलशी झालं, ती रायपूरला गेली. नऊ वर्षांपूर्वी भीमाबाई वारल्या. त्यानंतर माझी काच कुणी पुसली नाही. तक्रार नाही हं, नुसतं सांगतो.

यंदा चंपतरावांची नोकरी संपली. क्वार्टर रिकामं करायची तारीख आली. जवळच्या भिलाई-तीन या वस्तीत त्यांनी दोन खोल्या बांधल्या होत्या, तिकडे जायचं ठरलं. सामान बांधायला संघमित्रा चार दिवसांची आली, सोबत तिची चार वर्षांची उन्नती.

पहिल्याच दुपारी तिने माझी शटरं सरकवली. केवढ्या दिवसांनी उजेड दिसला! तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. उन्नती झोपली की भांडी, उन्नती झोपली की फोन, उन्नती झोपली की जरा स्वतःसाठी पाच मिनिटं, अशी ती जगत होती. अतुल मालगाडीवर, तीन-तीन दिवस घरी नसे. त्या दुपारीही लेक झोपल्याबरोबर ती भिंतीला टेकून बसली आणि फोन काढला.

“बाबा, सापडलं!” ती हळूच म्हणाली. “धुआँपूर. कोणीतरी सगळे भाग टाकले हायेत. तेराच्या तेरा.”

चंपतराव भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होते. “ते भूतवालं? काय करतं आता ते पाहून?”

“मले त्या दिवेवालीचा आवाज ऐकाचा हाये, बाबा. रायपूरला रातच्याले एकटी असली का मले तोच आठवते. सगळे तिले भेत, मले मात्र तिचा आवाज ऐकला का झोप लागे. एक बार ऐकला ना, बस. मग इथलं सगळं सोडाले मी मोकळी.”

आणि तिने लावलं.

ती आता मोठी झाली होती, म्हणून तिला सगळं दिसलं. चंद्र पुठ्ठ्याचा होता. त्याला बांधलेला दोरा दिसत होता. धूर जमिनीपासून वीतभर वर येऊन संपत होता. दिवेवाली काठ्यांवर चालताना अडखळत होती. हे सगळं पाहून तिला हसू आलं, जरा मायाही आली. मग दिवेवालीने तोंड उघडलं. “कौन है भीतर? निकल बाहर!” आणि ते कर्कश हसणं.

संघमित्राचं हसू गेलं. तिने पुढचा भाग लावला. त्याच्या पुढचा. दुसऱ्या दिवशी दुपारी उरलेले सगळे. तिची चूल थंड राहिली, खोकी अर्धी भरून पडली. तेराव्या भागाशेवटी तिने फोन पालथा ठेवला.

“हे ते नाही, बाबा. कोणी आवाज बदलला याचा.”

मला केवढं सांगावंसं वाटलं! पण मला वीज नव्हती, आणि असती तरी माझ्याजवळ स्वतःचं बोलणं कधी नव्हतं.

“तुम्हाले आठवते ना?” तिने विचारलं. “ते मराठीत बोले. हळू. आपल्यासारखंच, मले-तुले म्हने.”

“दिल्लीच्या टीव्हीवर मले-तुले कोण बोलन, पागल?” चंपतराव हसले. मग त्यांचा हात थांबला.

“टीव्हीचा आवाज त बंदच राहे, संघा,” ते म्हणाले. “मी नाइट करून झोपलेला राहो ना. तुही आई सांगे.”

संघमित्राने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या शेजारच्या जमिनीकडे पाहिलं, जिथे आता फक्त खोकं होतं. तिने ओढणी तोंडाला लावली. लेक उठू नये म्हणून ती आवाज न करता रडली. आयांना तसं रडता येतं.

“आईचा आवाज कुठंच नाही, बाबा,” ती मग म्हणाली. “फोटो हायेत. आवाज कोणाच्याच फोनमध्ये नाही. मी किती शोधला.”

चंपतराव उठले आणि खाटेवर जाऊन आडवे झाले. नोकरी संपली तरी अंगाला दुपारच्या झोपेची सवय होती. की त्यांना तोंड वळवायचं होतं, ते मला सांगता यायचं नाही.

तेवढ्यात उन्नती उठली. तिने पालथा फोन उलटला; पडद्यावर होता तो पांढरा चेहरा. “मम्मी, ये आंटी कौन है? डरावनी है.”

संघमित्राने फोन हातात घेतला, आवाज शून्यावर नेला, पहिला भाग लावला आणि लेकीला कुशीत ओढलं. “हळू बोल, आजोबा झोपले. डरावनी नाही वं. हे नाइट शिफ्टले जाऊन राहिली.”

“क्यों?”

“सगळ्या गावचे दिवे तिले एकटीलेच लावा लागते.”

सुरुवातीला ती चाचपडत होती. रायपूरला ती लेकीशी हिंदीच बोले. हे शब्द तिच्या तोंडून कधी निघत नसत. पण एकामागून एक ते येत गेले. उन्नती डोळे मोठे करून ऐकत राहिली. दिवेवालीने दार वाजवलं. दार उघडलं.

“फिर? बोल ना मम्मी, फिर क्या बोली?”

संघमित्रा थांबली. तिने डोळे मिटले, उघडले. “थांब... दार उघडलं, आन ते म्हणाली...” तिला आठवेना. पुढचं पानच कोरं होतं. ती लेकीच्या केसांतून हात फिरवत राहिली, आणि मला भीती वाटली की आता ती स्वतःचं काहीतरी जोडून पुढे जाईल, आणि ते वाक्य कायमचं जाईल.

खाटेवरून आवाज आला. चंपतरावांचं तोंड भिंतीकडेच होतं.

“‘मी आत नाही येत, माय. फक्त पाहाले आली, का कोणी जागं हाये का. बाकी काही नाही पाहिजे.’”

“बाबा?”

“मले ऐकू ये,” ते म्हणाले. “दर रविवारी नाही. कधी कधी मी जागाच राहो. पडून ऐको.” मग म्हणाले, “एखाद्या टायमाले उठून म्हणाले पाहिजे होतं, का मी जागा हावो म्हणून. नाही म्हणलो.”

संघमित्रा उठून खाटेच्या कडेला जाऊन बसली, लेकीला घेऊन. “पुढचं सांगा,” ती म्हणाली. आणि चंपतरावांनी सांगितलं. चुकतमाकत, न ऐकलेलं गाळत, भीमाबाईंच्या चालीवर, तेराव्या भागापर्यंत. उन्नती मधेच झोपली तरी ते थांबले नाहीत. संघमित्राने फोन उचलला, त्यावरची दिवेवाली बंद केली आणि बापाचं बोलणं त्यात भरून घेतलं.

शनिवारी भंगार घेणारा कबाडी केवलराम हातगाडी घेऊन आला. संघमित्रा माझ्यापुढे उभी राहिली. “बाबा, याले राहू द्या का? आईचा आवाज...”

“आवाज याच्यातून थोडीच ये,” चंपतराव म्हणाले. “याले काहाले ओझं म्हणून ठेवतं? तिकडं जागा नाही.”

ते खरंच होतं. मला लागलं, पण ते खरंच होतं. संघमित्राने ओढणीच्या टोकाने माझी काच पुसली आणि केवलरामला सांगितलं, “भैया, आराम से.” तो अलगद ठेवणाऱ्यांतला नव्हता, पण त्या दिवशी त्याने अलगद ठेवलं.

आता मी त्याच्या शेडमध्ये आहे. माझ्या दोन्ही बाजूंना माझ्यासारखेच आहेत, सगळ्यांची तोंडं भिंतीकडे. आम्ही एकमेकांशी बोलत नाही. आम्हाला कधी एकमेकांशी बोलायची सवयच लागली नाही. दुपारी पत्रा तापतो. एखाद्या दिवशी कुणीतरी माझ्या पाठीतलं तांबं काढून घेईल. जे दिसलं ते दाखवून झालं, ऐकण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतंच.

तेव्हा मित्रांनो, मला जपा असं मी सांगणार नाही. माझी वेळ गेली. तुमच्या घरी दमून झोपलेलं कुणी असेल, तर पडद्याचा आवाज खुशाल शून्यावर न्या. पण मग तुम्ही गप्प बसू नका. शेजारी जे कोणी असेल त्याला हळू आवाजात सांगा, पडद्यावर काय चाललं आहे ते. चुकलं तरी चालेल, मनचं घातलं तरी चालेल. आणि झोपेचं सोंग घेऊन तुम्ही ते ऐकत असाल, तर एकदा तरी कूस वळून म्हणा, मी जागा आहे.