जंताचं औषध

कोल्हिणीचं तिसरं पिल्लू मेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंचा धीर सुटला. त्या अभयारण्यातल्या जनावरांच्या डॉक्टर. पिल्लाचं पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, हिरड्या पांढऱ्याफटक. बिळापाशी सापडलेली विष्ठा त्यांनी मायक्रोस्कोपखाली पाहिली, मग कुंपणालगतच्या वस्तीतल्या कुत्र्यांचीही पाहिली. दोन्हींत त्याच जंतांची अंडी. कुत्री कुंपणाच्या भगदाडातून आत शिरत, घाण करून येत, आणि कोल्हिणीची पिल्लं त्याच मातीत लोळत. आता एकच पिल्लू उरलं होतं.

रानातल्या कोल्ह्यांना औषध कोण पाजणार? पाजायचं तर कुत्र्यांना.

वनरक्षक म्हणाला, "बाई, इथले लोक स्वतःच्या पोरांना जंताचं औषध देत नाहीत, कुत्र्यांना कुठले देतायत!"

तरी त्या दारोदार फिरल्या. कुणी हसलं, कुणी तोंडावर दार लावलं. शेवटी एक शिंपीण तयार झाली. एकटी बाई. तिच्याकडे एक काळी कुत्री होती आणि कुत्रीचं एक पिल्लू. दिवसभर ते मशीनखाली चिंध्यांत लोळायचं. काडीचं काम न करता रुबाब तेवढा करतं, म्हणून तिनं त्याला 'साहेब' म्हणायला सुरुवात केली होती.

"काही होणार नाही ना गं त्याला?" आधी साहेबाला औषध पाजून घेताना तिनं विचारलं.

"काही नाही, मावशी. बघाच उद्या कसा उड्या मारतो."

दुसऱ्या दिवशी साहेब मेला.

डॉक्टरीणबाई पोचल्या तेव्हा अंगणात अर्धी वस्ती गोळा झाली होती. वनरक्षक कानाशी लागला, "साप चावला म्हणा. नाहीतर हे लोक पुन्हा उभं करायचे नाहीत."

बाईंनी नकारार्थी मान हलवली. पिल्लाला मेणकापडावर घेऊन त्यांनी तिथंच पोट उघडलं. आतड्यात मेलेल्या जंतांचा गोळा अडकला होता, गुंता झालेल्या दोऱ्यासारखा.

"औषधानं जंत मेले, मावशी," बाई म्हणाल्या. "पण इतके होते की सगळे एकदम मेले आणि आतडं तुंबलं. हा बारका जीव. मी आधी तपासून बेतानं औषध द्यायला हवं होतं. माझं चुकलं."

"म्हणजे तूच मारलंस," शिंपीण म्हणाली आणि आत निघून गेली.

त्यानंतर वस्तीत बाईंना कुणी पाणीसुद्धा विचारेना. कुत्री भगदाडातून जातच राहिली. बिळापाशी उरलेलं पिल्लू आता उठायचंही नाही. कोल्हीण त्याला चाटत बसायची. बाईंना अन्न गोड लागेना. एका दुपारी त्या पुन्हा शिंपिणीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"मावशी, काळीला तरी देऊ द्या. ती मोठी आहे, तिला सोसेल. पाया पडते तुमच्या."

मशीन थांबली नाही. "माझ्या कुत्रीला हात लावलास तर हात मोडीन."

बाई उंबऱ्यावरच मटकन बसल्या आणि पदरात तोंड खुपसून रडल्या. इतक्या दिवसांचं सगळं बाहेर पडलं. शिंपिणीनं कापड संपेपर्यंत शिवलं.

"काळी जंगलात गेली नाही, तर चालेल ना?" तिनं विचारलं.

"चालेल," बाई कशाबशा म्हणाल्या.

शिंपिणीनं काळीला दोरी बांधली, दुसरं टोक खांबाला गुंडाळलं. "औषध नाही म्हणजे नाही. आता जा."

त्याच आठवड्यात कोल्हिणीचं शेवटचं पिल्लू गेलं. वस्तीतली बाकीची कुत्री मोकळीच फिरत होती. काळी मात्र खांबाला हिसके देत दिवसभर केकाटत होती, आणि शेजारीपाजारी शिंपिणीला शिव्या घालत होते.