एकाहत्तर अंश

राजीवला नाही म्हणणं मला चाळीस वर्षांत जमलेलं नव्हतं. त्या ऑगस्टच्या सकाळी ते जमवायचं होतं. आमच्या गावापासूनच्या, शॉमबर्गपासूनच्या चार तासांच्या ड्राइव्हमध्ये मी मनात वाक्यं जुळवत होतो आणि तो बोलत होता.

तो डॉक्टर, मी इंजिनियर. निवृत्त झाल्यापासून आम्ही दोघं नद्यांवर जात असू. वसंतात विस्कॉन्सिनच्या ओढ्यांत ट्राउट, उन्हाळ्यात घराजवळच्या फॉक्स नदीत बास, ऑक्टोबरात रूट नदी चढून येणारे सॅमन. धरलेला मासा आम्ही सोडून देत असू. धरायचा मुख्यतः तोच. मी वाचलेलं आठवत पाण्यात उभा, म्हणून तो मला प्रोफेसर म्हणायचा. शनिवारी तो कायमचा मुलीकडे, दूर दक्षिणेत अर्विंगला जाणार होता. त्याआधी त्याला एक ट्राउट हवा होता.

ओढ्यावर पोचल्यावर तो गळाच्या दोऱ्याला आमिषाची, पिसांची नकली माशी बांधत बसला, तेवढ्यात मी पाण्यात थर्मामीटर धरला. एकाहत्तर फॅरनहाइट. अडुसष्टच्या वर ट्राउटला श्वास पुरत नाही. दमलेला मासा सोडला तरी मरतो. हे मी चार पुस्तकांत वाचलं होतं. तरी तोंडातून भलतंच निघालं.

"श्रावण आहे रे. आज नको."

तो हसला. "प्रोफेसर, सोमवारी माझ्याकडे बिर्याणी हाणलीस. त्यातल्या कोंबडीचा उपास होता का?"

"मासे वेगळे."

"आपण खाणार थोडेच आहोत? खरं काय ते बोल, यार."

मी थर्मामीटर दाखवला, कारण सांगितलं.

"हे सगळं पुस्तकात. गेल्या ऑगस्टला इथेच, असल्याच उन्हात मी तो सतरा इंची सोडला. कसा सुळकन गेला! फोटो तूच काढलास."

तो फोटो त्याच्या दिवाणखान्यात फ्रेममध्ये होता. येईल त्याला तो दाखवायचा.

"तो मेला, राजीव," मी म्हणालो. "फोटो काढून मी खालच्या वळणावर गेलो होतो. थोड्या वेळाने तिथे वाहत आला. पोट वर."

"दुसरा असेल."

"शेपटीचा वरचा कोपरा तुटलेला होता."

फोटोतही तो कोपरा तुटलेला दिसतो. राजीव पाण्याकडे वळला.

"वर्षभर बोलला नाहीस."

"नाही."

त्याने हात पुढे केला. थर्मामीटर घेऊन सवयीने आधी झटकला, मग घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट पाण्यात धरला. काच उजेडाकडे करून, बोटांत फिरवून लाल रेघ शोधली. बांधलेली माशी कापली आणि डबीत ठेवली.

परतताना गाडी तोच चालवत होता. एक मासा आणखी मेला असता तर काय बिघडलं असतं, असं मला वाटत राहिलं. निदान त्याचा तो जुना मासा तरी जिवंत राहिला असता. अजूनही मला खात्री नाही.

शनिवारी निरोप द्यायला त्याच्या घरी गेलो, तर भिंतीवर फ्रेम नव्हती. सामानात गेली की कचऱ्यात, मी विचारलं नाही.

पुढे दोन महिने त्याचा फोन नाही. मीही केला नाही. मग ऑक्टोबरात, मी रूट नदीच्या काठावर एकटाच असताना खिशातला फोन वाजला.

"पाणी किती?"

मी गुडघा धरून वाकलो, थर्मामीटर पाण्यात धरला. एक मिनिट थांबलो. तोही थांबला.

"बावन्न."

"सॅमन आलेत?"

"उड्या मारतायत."

"मग उभा काय राहिलास? टाक की गळ."