माशी सोडणारी वेल

कळव्याच्या मिठागराशेजारी, उत्तमबुवाच्या झोपडीपुढं अर्धं ठाणं लोटलं होतं. कशाला, तर वेल बघायला! सापासारखी जाड, काठीला वेटोळे घालत चढलेली. खाली रताळ्याएवढ्या मुळ्या, वर ठिपक्याठिपक्यांची फुलं. बुवा सांगे, ही शेषाची वेल, थेट पाताळातून आली. बुवा पूर्वी आगबोटीवर खलाशी होता आणि मुळी त्यानं आफ्रिकेच्या बंदरातून आणली होती. पण पाताळापुढं आफ्रिकेला कोण विचारतो?

मिठागरात राबणाऱ्या तुळसाची लेक गोदा महिनाभर हिवतापानं वाळत चालली होती. बुवाचा उपाय सोपा. ताप चढला की रोग्याच्या नावानं फुलात माशी शिरायची, फूल तिला गिळायचं, आणि दुसऱ्या दिवशी ती जिवंत बाहेर आली की ताप उतरायचा. अट एकच, दवाखान्यातलं हिवतापाचं औषध, कोयनेल, घरात आणायचं नाही. आणि खरंच, माशी सुटली की गोदाचं अंग गार! तिसऱ्या दिवशी पोर पुन्हा फणफणली की बुवा म्हणे, तुझ्याच मनात शंका आली. बिचारी तुळसा स्वतःलाच बोल लावायची.

अशात देवी टोचायला त्र्यंबकराव गावात आले. गोदाला बघून ते तडक तुळसाला घेऊन वेलीपाशी गेले आणि एक फूल तोडायला सांगितलं.

"तोडलंस तर पोर हातची जाईल," बुवा म्हणाला.

तुळसानं हात मागं घेतला. पण पोर तशीही चाललीच होती. तिनं फूल तोडलं.

त्र्यंबकरावांनी नस्तरानं ते उभं चिरलं. आत माशी मजेत फिरत होती. नळीत ताठ केस, सगळे खाली वळलेले. शेजारचं शिळं फूल चिरलं, त्यातले केस गळून पडलेले, वाट मोकळी.

तुळसा बघतच राहिली. अशाच आत वळवलेल्या कामट्या ती जन्मभर खाडीत लावत आली होती.

"ह्यो तं आमचा मासं धराचा सापला हाय," ती म्हणाली.

"आणि हा ताप एक दिवसाआडच येतो, बाई," त्र्यंबकराव म्हणाले. "माशी असो वा नसो, मधला दिवस गारच जायचा."

त्र्यंबकरावांनी दिलेलं कोयनेल कडूजहर. गोदानं दोनदा थुंकलं, तिसऱ्यांदा गिळलं. आठवड्यानं ती भाकरी मागायला लागली. बुवानं लगेच सांगितलं, शेषाची कृपा! रांग पुन्हा लागली.

तुळसा मात्र त्या रांगेत हिंडून एकेका आईला चिरलेलं फूल दाखवायची. "हात जोडाचं तं जोडा," ती म्हणे, "पन आधी आत काय हाय ते बघा. तुमी माशी सुटाची वाट बघाल, तवर पोर वाट बघत नाय."